माळ्यावरचा संगणक

मुंबई-पुण्याच्या, किंबहुना नाशिक-कोल्हापूरच्याही, कोणत्याही वीस-पंचवीस वर्षे नांदत्या सदनिकेचा माळा उघडून पाहिला, तर पितळेची भांडी, पाहुण्यांच्या गाद्या आणि गणपतीच्या मखराचे सामान यांच्यामागे जुन्या चादरीत गुंडाळलेला एक संगणक बहुधा सापडतोच. ज्या काळी तो घरात आला त्या काळी त्याची किंमत घरच्या कर्त्या माणसाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी होती. त्याच्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले गेले होते, त्याच्या मापाचे लाकडी टेबल सुताराकडून मुद्दाम करवून घेतले होते, 2001 सालापासून गावोगाव निघालेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गाचा सराव मुलांनी त्याच्यावरच केला होता आणि दर दसऱ्याला त्याच्या कळफलकाला हळदकुंकू व पडद्याला झेंडूची माळ न चुकता लाभत होती. अशी वस्तू उचलून भंगारात देताना हात अडखळला तर त्यात नवल नाही. परंतु हात अडखळतो म्हणून निर्णयच होत नाही, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत हा प्रश्न, एखाद्या जुन्या दाव्याला तारीख पडावी तसा, पुढच्या दिवाळीपर्यंत तहकूब होतो.

जुन्या संगणकाचे काय करावे, या प्रश्नाला ठेवणे, कोणाला तरी देणे आणि टाकून देणे अशी तीनच उत्तरे संभवतात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुसंख्य कुटुंबे माळ्याचे चौथे उत्तर स्वीकारतात आणि माझ्या मते चारांतले तेच सर्वांत वाईट. पाच वर्षे वापरलेला लॅपटॉप आज एखाद्या होतकरू विद्यार्थ्याच्या हाती पडला तर आणखी तीन-चार वर्षे तो निश्चित चालेल. तोच लॅपटॉप पाच वर्षे माळ्यावर पडून राहिला, तर त्याची बॅटरी फुगलेली असेल, पंख्यात धूळ गच्च बसलेली असेल, नव्या प्रणाली त्याला आपल्या पंक्तीला बसू देणार नाहीत, आणि मग दानाची इच्छा कितीही प्रामाणिक असली तरी ती पुरी करण्याजोगे त्याच्यात काही उरलेले नसेल. तांब्याचा हंडा पन्नास वर्षांनी खाली काढला तरी कल्हई करून वापरता येतो. संगणकाच्या बाबतीत काळ एवढा उदार नाही.

ठेवण्याच्या बाजूचा विचार प्रथम केला पाहिजे, कारण त्या बाजूचा खरा आधार भावनेचा नसून हिशेबाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठातर्फे 2004 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे मांडले होते, की त्या वेळच्या सतरा इंची पडद्यासह एक संगणक तयार करावयाचा, तर सुमारे 240 किलो खनिज इंधन, 22 किलो रसायने आणि दीड टन पाणी खर्ची पडते. आजचे लॅपटॉप वजनाने हलके आणि विजेच्या बाबतीत काटकसरी असले, तरी एक गोष्ट तेव्हाइतकीच आजही खरी आहे: लॅपटॉपच्या सबंध आयुष्यात वातावरणात जो कर्बभार पडतो, त्याचा मोठा हिस्सा तो आपल्या घरी येण्यापूर्वी, कारखान्यातच, पडून गेलेला असतो. जुने यंत्र आणखी दोन-तीन वर्षे चालवणे हा त्यामुळे कंजूषपणा ठरत नाही. घरच्या जमाखर्चाला जे सोयीचे, तेच पर्यावरणाच्या हिशेबालाही सोयीचे, असे योग व्यवहारात फार थोडे येतात. हा त्यांपैकी एक आहे.

मात्र 'चालत नाही' आणि 'हळू चालते' यांतला भेद दुकानदार सांगेलच असा भरवसा धरू नये, कारण त्याचा नफा नव्या विक्रीत असतो. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेत असेल, तर दोष बहुधा फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम चार जीबीची आठ केली, म्हणजे नव्या यंत्राच्या किमतीच्या अल्पांशात त्याच यंत्रात जीव येतो. टेबलावरच्या संगणकाचे घड्याळ रोज मागे पडत असेल, तर आतली नाण्याएवढी बॅटरी बदलणे हा त्यावरचा संपूर्ण इलाज आहे, आणि एवढ्याशा कारणावरून संगणक बाद ठरवून नवा घेतल्याची उदाहरणे शहरांत विरळ नाहीत.

प्रणालीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ला दिलेला आधार संपला. वर्षभराची वाढीव मुदत काही अटींवर देऊ केली गेली, पण ती केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरती. विंडोज 11 टीपीएम 2.0 नावाच्या सुरक्षा-व्यवस्थेची अपेक्षा करते आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे, म्हणजे ढोबळमानाने 2017 च्या अखेरीपूर्वीचे, बहुतेक प्रोसेसर तिला मान्य नाहीत. यंत्र ठणठणीत असताना केवळ कंपनीच्या या फर्मानामुळे असंख्य संगणक एका दिवसात वृद्ध ठरले. परंतु हे वार्धक्य यंत्राचे नसून प्रणालीचे आहे, हे ध्यानात घेतले तर मार्ग निघतो. लिनक्स मिंट, लुबंटू यांसारख्या विनामूल्य प्रणाली अशा यंत्रांवर सुखाने चालतात. आपल्या सी-डॅकने 2007 साली आणलेली 'बॉस' ही प्रणाली तर भारतीय भाषांची सोय मनात धरूनच बांधलेली आहे. ज्याचे सगळे काम पत्रे लिहिणे, वर्तमानपत्रे वाचणे, बँकेचे व्यवहार पाहणे आणि परदेशातल्या नातवंडांशी बोलणे एवढ्यातच सामावते, त्या गृहस्थाला या प्रणाली अंगवळणी पडायला आठवडा पुरतो. ज्याचा हिशेब टॅलीत आहे किंवा ज्याला विवक्षित विंडोज-सॉफ्टवेअरवाचून गत्यंतर नाही, त्याला मात्र हा उपदेश करून उपयोग नाही.

ठेवण्यालाही मर्यादा असतातच. काचेच्या फुगीर नळीचा जुना मॉनिटर, ज्याला बाजारात 'डबा' म्हणतात, तो सत्तर-ऐंशी वॅट वीज खातो, जेथे आजचा सपाट पडदा वीस-पंचवीस वॅटांत भागवतो. तो वापरात ठेवणे म्हणजे त्याची किंमत महावितरणाकडे हप्त्याहप्त्याने भरणे होय. फुगलेल्या बॅटरीच्या बाबतीत तर विचारविनिमयाला वावच नाही. लॅपटॉपचा तळ वर उचललेला दिसला, माऊस-पट्टी दाबली जाईनाशी झाली किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, की आतील लिथियमची बॅटरी फुगली असे समजावे. ती टोचू नये, दाबू नये, चार्जिंगला लावू नये, आणि उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर तर ती क्षणभरही ठेवू नये, कारण अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

ठेवण्याचे एक कारण मात्र असे आहे, की त्याची दखल या विषयावरील परदेशी सल्ल्यांत सापडणार नाही, आणि मराठी वाचकाला ते सांगितलेच पाहिजे. 1990 ते 2010 या दोन दशकांत मराठीत जेवढी पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका आणि प्रबंध अक्षरजुळणी होऊन छापले गेले, त्यांतील फार मोठा भाग पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत, आकृतीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टंकलेला आणि पेजमेकरात मांडलेला आहे. या जुन्या फाँटांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा निराळी होती. त्यामुळे ज्या संगणकावर तो फाँट नाही, त्यावर फाइल उघडली असता ज्ञानेश्वरीवरील सबंध निबंधाच्या ठिकाणी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थशून्य कचरा दिसतो. त्यातच कित्येक ठिकाणी सॉफ्टवेअर चालण्यासाठी मागच्या खोबणीत एक छोटे कुलूप, ज्याला मुद्रक 'डोंगल' किंवा 'लॉक' म्हणतात, लावावे लागे. ते कुलूप हरवले की सॉफ्टवेअर मुके. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 मधली. आज ती विकत मिळत नाही आणि नव्या प्रणालींवर तिचा भरवसा नाही.

म्हणून एखाद्या मुद्रकाकडे, छोट्या प्रकाशकाकडे, नियतकालिकाच्या संपादकाच्या घरी किंवा संस्थेच्या कचेरीत असा जुना संगणक चालू स्थितीत असेल, तर तो भंगारात काढण्यापूर्वी त्याच्या पोटातले दप्तर बाहेर काढून घेणे हे कर्तव्य समजावे. प्रत्येक फाइलची एक पीडीएफ त्याच यंत्रावर करून घ्यावी, म्हणजे पानाचे रूप तरी कायम राहील. मग मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. हे रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत; मात्र जोडाक्षरे आणि रफार यांच्या ठिकाणी ती हमखास ठेचकाळतात, आणि एखाद्या जाणत्या मुद्रितशोधकाने पुन्हा वाचल्यावाचून तो मजकूर विश्वासार्ह होत नाही. विंडोज 2000 च्या सुमारास देवनागरीची सोय प्रणालीतच आली आणि तिच्याबरोबर 'मंगल' हा फाँट घरोघर पोहोचला. त्याची अक्षरे आपल्या र. कृ. जोशी या कवी-सुलेखनकाराच्या हातची आहेत, ही गोष्ट तो फाँट रोज पाहणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच माहीत असेल. त्या संक्रमणाच्या अलीकडे-पलीकडे मराठीचे किती लेखन अडकून पडले आहे, याची मोजदाद कोणी केलेली नाही. फ्लॉप्यांची अवस्था त्याहून शोचनीय आहे. कोकणच्या आणि मुंबईच्या दमट हवेत त्यांच्या चकतीवर बुरशी चढते, आणि चढल्यावर फारसा उपाय उरत नाही.

ऐतिहासिक वस्तू म्हणून संगणक ठेवू पाहणाऱ्यांना मात्र थोडे निराश करणे भाग आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' ही इतिहासाची वस्तू होती. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला आपला पेंटियम हा तिचा आप्त नव्हे. एखाद्या जुन्या शाळेच्या कोठीत 1984-85 च्या केंद्र सरकारच्या संगणक-साक्षरता प्रकल्पातला बीबीसी मायक्रो सापडला, तर तो अवश्य जपावा आणि संग्राहकाला कळवावे. एरवी लाखांनी खपलेल्या यंत्राचे एक-दोन नमुने जगात कोणी ना कोणी जपून ठेवीतच असते.

देण्याचा असो वा टाकण्याचा, निर्णय झाला की प्रथम डोळ्यांसमोर यावयास हवी ती हार्डडिस्क. यंत्र जुने झाले तरी त्यातला मजकूर जुना होत नाही. पॅन व आधारच्या प्रती, आयकराची विवरणपत्रे, खातेपुस्तकाची छायाचित्रे, डॉक्टरांचे अहवाल, वाटणीपत्राचा मसुदा आणि कुठल्याशा कोपऱ्यात 'पासवर्ड' या नावानेच जपून ठेवलेली यादी, हे सारे त्यात दहा वर्षांनीही जसेच्या तसे असते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलट या दोघांनी 2000 ते 2002 या काळात जुन्या बाजारातून 158 हार्डडिस्का विकत घेतल्या. त्यांतल्या 129 चालू निघाल्या, आणि या 129 पैकी नीट पुसलेल्या अवघ्या 12 होत्या. उरलेल्यांत खाजगी पत्रव्यवहार, वैद्यकीय माहिती आणि क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून अधिक क्रमांक त्यांना मिळाले. हा शोधनिबंध 2003 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. आपल्याकडे जुन्या बाजारांत आणि दिल्लीच्या नेहरू प्लेससारख्या पेठांत वापरलेल्या डिस्का आजही उघड विकल्या जातात. त्यांच्या मूळ मालकांनी त्या काळच्या अमेरिकनांहून अधिक काळजी घेतली असेल, असे मानण्यास आधार नाही.

याचे कारण साधे आहे. फाइल 'डिलीट' केल्याने ती पुसली जात नाही. तलाठ्याच्या दप्तरातून फक्त अनुक्रमणिकेचे पान फाडावे आणि सातबारे जागच्या जागी राहू द्यावेत, तसा तो प्रकार आहे. दुकानदार ज्याला 'फॉरमॅट मारला' म्हणतो, तोही पुष्कळदा एवढाच असतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर सबंधभर एकवार नवा निरर्थक मजकूर लिहिला की जुना वाचता येत नाही. विंडोजमध्ये यंत्र मूळ स्थितीत आणताना 'ड्राइव्ह पूर्ण साफ करा' असा पर्याय असतो, त्याला रात्रभर वेळ लागला तरी तोच निवडावा. एसएसडीची रचना निराळी; तिच्यातला मजकूर ती स्वतःच सतत इकडचा तिकडे हलवीत असल्यामुळे वरून लिहिलेले सगळीकडे पोहोचतेच असे नाही, म्हणून तिच्यासाठी बनवणाऱ्या कंपनीने दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी. आणि ज्या यंत्राला सुरू होण्याची शक्तीच उरलेली नाही, त्याची डिस्क स्क्रूड्रायव्हरने काढून घेऊन आपल्यापाशी ठेवावी किंवा हातोडा व खिळ्याने तबकडीला आरपार भोके पाडावीत. एसएसडी असेल तर तिच्यावरची एकही चिप अखंड राहू देऊ नये. संस्थांनी आपल्या मोठ्या झेरॉक्स-यंत्रांचाही विचार करावा. त्यांच्या पोटात डिस्क असू शकते आणि काढलेल्या प्रतींचे ठसे तीत राहू शकतात, हे बहुतेक कारकुनांच्या गावीही नसते.

आता दानाकडे वळू. दान ही आपल्याकडे पुण्यकोटीतील गोष्ट असल्यामुळे तिच्याविषयी शंका काढणे अप्रशस्त वाटते. तरीही काढली पाहिजे, कारण संगणकाच्या दानाइतका आत्मवंचनेला अवसर दुसऱ्या दानात क्वचितच असेल. 2005 साली बासेल ॲक्शन नेटवर्क या संस्थेने नायजेरियातील लागोस बंदरातल्या जुन्या संगणकांच्या व्यापाराचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात स्थानिक व्यापाऱ्यांच्या अंदाजाने श्रीमंत देशांतून येणाऱ्या मालापैकी पाऊण हिस्सा दुरुस्तीच्याही लायकीचा नव्हता. 'वापरण्याजोगा', 'गरिबांसाठी' अशा मथळ्याखाली आलेला तो माल अखेर उघड्यावर जाळला जात होता. धोकादायक कचऱ्याच्या देशांतराला आळा घालणारा बासेलचा करार 1989 सालचाच. पण ज्याला आपण कचरा म्हणतच नाही, त्याला करार कोठून अडवणार? आपल्या शहरातून खेड्यातल्या शाळेकडे रवाना होणारा टेम्पो लागोसच्या जहाजाहून आकाराने लहान, एवढाच भेद पुष्कळदा असतो.

अशा टेम्पोतून जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरलेल्या दहा संगणकांपैकी सहा सुरू होतात, दोघांचे कळफलक जुन्या गोल पिनेचे निघतात, एकाचा चार्जर देणाऱ्याच्याच घरी राहिलेला असतो आणि उरलेल्याला हार्डडिस्कच नसते. स्वीकारताना फोटो निघतो, सरपंचांचे भाषण होते. नंतर मुख्याध्यापकांना कळून चुकते, की ही यंत्रे जडसंग्रह नोंदवहीत चढली आहेत, आणि तेथे एकदा चढलेली वस्तू उतरवायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव, समितीची पाहणी, वरिष्ठांची मंजुरी आणि रीतसर लिलाव एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. देणाऱ्याने आपली अडगळ एका सकाळीत मोकळी केली. घेणाऱ्याने ती खोलीत कुलूपबंद करून कित्येक वर्षे सांभाळली. वर्गखोल्यांची टंचाई असलेल्या शाळेत अशी एक खोली अडणे ही काही लहानसहान हानी नव्हे.

दान करावयाचेच तर घेणाऱ्याला आधी विचारावे, आणि विचारताना 'चालेल का' असे न विचारता 'तुम्हाला कशासाठी हवा आहे, विजेची सोय कशी आहे, बिघडल्यास कोण पाहणार' असे विचारावे; नाही म्हणण्याची मोकळीक त्याला राहील अशा रीतीने विचारावे. यंत्र पुसून, त्यावर चालती प्रणाली आणि युनिकोड मराठीची सोय बसवून, चार्जर, केबल आणि पासवर्डाविषयीची चिठ्ठी सोबत ठेवून द्यावे. दहा मिनिटांत संपणारी बॅटरी असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. ढोबळ कसोटी म्हणून मी एवढेच म्हणेन, की जो संगणक आपण स्वतःच्या भाच्याला अभ्यासासाठी देताना संकोचणार नाही, तोच दुसऱ्याच्या मुलाला द्यावा. शाईचे जुने प्रिंटर शक्यतो देऊच नयेत. त्यांच्या काडतुसांची किंमत प्रिंटरच्या किमतीशी स्पर्धा करते, आणि काही महिने वापर नसेल तर शाई वाळून ते कायमचे बंद पडतात. उलट, कर्कश आवाज करणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एखाद्या दुकानदाराला, वाहतूक-कचेरीला किंवा पतसंस्थेला आजही उपयोगी पडतो, कारण कार्बन लावून तीन प्रती एका दमात काढण्याचे कसब नव्या प्रिंटरांना साधलेले नाही.

शेवटचा मार्ग टाकण्याचा. 2022 साली जगात सुमारे 6 कोटी 20 लाख टन विद्युत् व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद केवळ 22.3 टक्क्यांची आहे, असे संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांचा 2024 चा अहवाल सांगतो. भारताचा क्रमांक चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ लागतो. उरलेला कचरा जातो कोठे? आपल्या दारावर येणारा भंगारवाला जुना संगणक काट्यावर तोलून नेतो. तेथून तो मोठ्या गोदामात, आणि चालण्याजोगे भाग वेचून घेतल्यावर उरलेले मदरबोर्ड दिल्लीच्या सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद यांसारख्या ठिकाणी पोहोचतात. तेथे तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात, सोन्याच्या पातळ मुलाम्यासाठी बोर्ड आम्लात बुडवले जातात, आणि शिशाच्या डाखाचा धूर हातमोजे व मुखपट्टीवाचून काम करणाऱ्यांच्या, त्यांतही पुष्कळदा बायकांच्या आणि मुलांच्या, फुप्फुसांत जातो. जुन्या डबा-मॉनिटरच्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी घातलेले शिसे किलोच्या हिशेबाने असते; पहिल्या पिढीच्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. म्हणून मॉनिटर कुतूहलापोटीही फोडू नये, आणि फुटलाच तर झाडूने झाडून ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात लोटू नये.

भंगारवाल्याला दोष देणे सोपे आहे. परंतु या देशात जो काही धातू कचऱ्यातून परत मिळतो त्यात त्याचा आणि कचरा वेचणाऱ्यांचा वाटा अमूल्य आहे, आणि जुना पंखा वा मोडकी सायकल त्याच्या हाती देण्यात काहीच वावगे नाही. पुण्यात 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने आणि तिच्यातून पुढे उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने, हेच काम ओळखपत्र, हक्क आणि संरक्षण यांसह करता येते, हे दाखवून दिले आहे. दोष आहे तो मदरबोर्डाला आम्लाच्या पिंपापर्यंत नेणाऱ्या साखळीत, आणि त्या साखळीची पहिली कडी दोन-तीनशे रुपयांसाठी घासाघीस करणारा आपल्यासारखाच सुशिक्षित गृहस्थ असतो.

कचऱ्यातल्या धातूचे मोल शास्त्रीय रीतीने किती मिळू शकते, याचे एक डोळ्यांत भरणारे उदाहरण जपानने दिले. टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदके घडवण्यासाठी 2017 ते 2019 या दोन वर्षांत नागरिकांकडून सुमारे 79 हजार टन जुनी उपकरणे आणि त्यांत 62 लाखांहून अधिक मोबाइल गोळा झाले, आणि त्यांतून 32 किलो सोने व साडेतीन हजार किलो चांदी निघाली.

आपल्याकडेही कायदा नाही असे नव्हे. या विषयावरचे पहिले स्वतंत्र नियम 2011 चे, सुधारित 2016 चे, आणि सध्या अंमलात असलेले 2022 चे, जे 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. यंत्र विकणाऱ्या उत्पादकावरच त्याच्या अखेरच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकणे हे त्यांचे मूळ सूत्र आहे. म्हणूनच बड्या संगणक-कंपन्यांकडे आपण जुने यंत्र परत घेण्याविषयी हक्काने विचारणा करू शकतो, त्यांच्या संकेतस्थळांवर त्यासाठी दूरध्वनी आणि केंद्रे दिलेली असतात. वर्षात केव्हाही हजार किंवा अधिक उपकरणे वापरणाऱ्या मोठ्या ग्राहकांना तर आपला कचरा नोंदणीकृत हाती सोपवणे बंधनकारकच आहे. शिसे-आम्लाच्या यूपीएस बॅटरीचा निकाल त्यामानाने सोपा लागतो. नवी घेताना विक्रेता जुनी परत घेतो आणि किमतीत सूटही देतो.

तेव्हा या दिवाळीला माळा काढाल तेव्हा संगणक खाली उतरवा आणि तो त्याच आठवड्यात एकदा सुरू करून पाहा. सुरू झाला, तर त्यातला मजकूर काढून घेऊन, तो घरात कोण वापरणार किंवा बाहेर कोणाला हवा आहे याचा निर्णय महिन्याभरात करा. नाही झाला, तर डिस्क काढून ठेवा आणि उरलेले यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्या, देताना पावती मागून घ्या. अशा नोंदणीकृतांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही ती विचारता येईल.